लाल दोऱ्याच्या जोड्या

दाऊदचाचांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, लाल दोऱ्याचं रीळ असे. कुवेतमधल्या शुवैखच्या आमच्या वर्कशॉपमध्ये ते हाताच्या लेथवर पितळेचे छोटे भाग काढत. बहुतेक काम वफ्राच्या शेतांसाठी, पिकांवर पाणी फवारायच्या नोझलचं. नोझलचं बूड आणि टोपण तयार झालं की चाचा ते एकमेकांवर फिरवून बघायचे. अडलं तर आट्यांवरून हत्यार पुन्हा केसभर फिरवायचे. मनासारखं बसलं की दोघांना दोऱ्याने बांधून ट्रेमध्ये ठेवायचे. मी नाशिकहून सुपरवायझर म्हणून नवा आलो होतो, आणि जिभेला हाड नव्हतंच. म्हटलं, "चाचा, राखी बांधताय का?"

"ह्याचा टोपन ह्यालाच बसता, नाशिककर," ते मान वर न करता म्हणाले. "दुसऱ्याला लावशील तर रडत बसशील."

पुढे ते मला कायम नाशिककरच म्हणत राहिले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका वाडीतले. जलीबच्या कामगार वस्तीत, गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. दिवसभर पितळेचा कीस अंगावर उडालेला असे, म्हणून संध्याकाळी गेटपाशी उभे राहून शर्ट काढून झटकायचे. तरी खोलीतले कुरकुरत, की अंथरुणात टोचतं, ताटात येतं. "त्यांच्या पानात सोना पडता, तरी रडतत," असं त्यावर चाचांचं उत्तर. पितळेवर त्यांचा जीव होता. "लोखंडाला दम देयाचा, पितलाला इचारायचा," म्हणत, आणि खरोखरच कान कलता करून, हत्याराच्या आवाजावरून काहीतरी विचारल्यासारखे काम करत.

गावी जाण्याचा विषय काढला की मात्र ते तुटक बोलत. बायको होती तोवर रजेचे दिवस मोजले, ती गेल्यावर मोजणं सोडलं. "वाडीत मी आता पाव्हना," एकदा चहा पिताना म्हणाले. "लोक खुर्ची देतत. हय माना कोन खुर्ची देत नाय, काम देतत. लेथ हाय तवर मी हाय."

मग वफ्राहून ती बादली आली. शेतावरच्या मॅनेजरने, पाण्यातला क्षार साचला म्हणून, सगळी नोझल उघडून व्हिनेगरच्या बादलीत टाकली होती. धुतली, हाताला येईल ते टोपण येईल त्या बुडाला लावलं, आणि काकड्यांच्या ओळीच्या ओळी ठिबकायला लागल्या. तक्रार घेऊन तो बादलीसकट आमच्याकडे हजर.

चाचा एका उपड्या क्रेटवर बसले आणि बादलीतून एकेक भाग काढून जोड्या लावू लागले. फिरवायचे, मान हलवायचे, बाजूला ठेवायचे. एखादी जमली की चेहरा खुलायचा. "बघ, ह्यो ह्याचा," मला दाखवायचे, जणू जत्रेत हरवलेलं पोर घरच्यांना सापडलंय. संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळ्या जोड्या लागल्या, पुन्हा लाल दोरे बांधले गेले. मॅनेजर तोवर थांबला होता. भला माणूस. हलक्या आवाजात म्हणाला, "चाचा, अगले महिने फिर खोलना पड़ेगा."

मॅनेजरचं काही चुकलं नव्हतं. शेतावर माणूस नोझल धुणार की जोड्या जुळवणार?

संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आलं ते त्यानंतर. त्याच्या पोटात पितळेची सळई घातली की बंद दाराआड सगळं होऊन खालच्या पेटीत बुडं आणि टोपणं टपाटप पडत. आमचे मालक अबू सालेम यांनी चाचांना काढलं नाही. "तुम इधर बैठो, मशीन देखो," म्हणाले. जुना लेथ कोपऱ्यात गेला, त्यावर ताडपत्री आली. चाचा पेटीशी स्टूल घेऊन बसू लागले. एक बूड उचलायचे, एक टोपण उचलायचे, फिरवून बघायचे, दोरा बांधायचे.

"चाचा, आता बांधायला नको," मी सांगितलं. "कुठलंही टोपण कुठल्याही बुडाला बसतं."

त्यांनी पेटीत हात घालून न बघता एक काढलं, लावलं. दुसरं काढलं, लावलं. बराच वेळ तेच करत राहिले. मग म्हणाले, "मशीन चांगला हाय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

तरी हात ऐकेना. ते बांधत राहिले, आणि दोरे कापत बसावं लागतं म्हणून वफ्राहून फोन आला. तो निरोप मीच त्यांना दिला. त्यांनी रीळ खिशात ठेवलं, ते पुन्हा बाहेर आलं नाही. काही आठवड्यांनी ते अबू सालेमसमोर उभे राहिले आणि इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करा म्हणाले.

"लेश? क्यों?" मालक चकित झाले. "काम कम है तो आराम करो."

"आराम करने कोई कुवेत आता है क्या, बाबा?"

शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेटपर्यंत गेलो. नेहमीच्या जागी थांबून त्यांनी शर्ट काढला आणि झटकला. खाली काहीच पडलं नाही. पुन्हा एकदा झटकला, मग माझ्याकडे बघून ओशाळून हसले आणि शर्ट घालून बटणं लावू लागले.

"कुनाचाही कुनालाबी बसता, नाशिककर," म्हणाले. "मग मी कशाला?"

वर्षभराच्या आतच त्यांच्या पुतण्याचा फोन आला. चाचा वाडीतच गेले, अंगणात, खुर्चीवर बसल्या बसल्या. फोन ठेवला आणि मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्या दुपारी मी मशीनच्या पेटीशी, त्यांच्या स्टुलावर बसलो. एक बूड हातात धरलं आणि एकेक टोपण लावून बघत गेलो. एखादं तरी अडेल, एखादं तरी म्हणेल की मी ह्याचा नाही. पेटी संपली. सगळी बसली.