शनिवारची वाटणी

अमेरिकेत शुगर लँडला आल्यापासून माझ्या घरात दोन गोष्टींचा साठा कधी संपत नाही. एक पेपर टॉवेल आणि दुसरे किस्से. पेपर टॉवेल निदान सांडलेलं पुसायच्या कामाला येतात. किस्से नुसते साठत राहतात, आणि चहाला दोन माणसं जमली की त्यातला एखादा बाहेर पडतोच. परवा इथे नव्यानेच आलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, "अगं, ग्रोसरीसाठी दोन्हीपैकी कुठल्या क्लबची मेंबरशिप घेऊ?" तिला वाटलं, मी तांदूळ आणि बदामांबद्दल बोलेन. मी तिला हे सगळं सांगत बसले. बिचारी चहा प्यायची विसरली.

*

आमच्या भागात असे दोन क्लब आहेत. क्लब म्हणजे आपलं गोदामच. वर्षाची फी भरायची, दारात कार्ड दाखवायचं आणि आत जाऊन लग्नघराला पुरेल एवढं सामान दोन माणसांसाठी घेऊन यायचं. एक क्लब हायवेला लागून, दुसरा तळ्याजवळ. दोन्हीकडची फी भरणं आम्हा कोणालाच जड नव्हतं, पण मराठी माणसाला एकाच कामासाठी दोन ठिकाणी पैसे देणं म्हणजे फसवून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून आम्ही तीन घरांनी गट केला. हार्टचे रिटायर्ड डॉक्टर दामले काका आणि काकू, मूळचे पुण्याचे. आयटीवाले केतकी आणि मंदार. आणि आम्ही. काकांचं कार्ड हायवेच्या क्लबचं, केतकीचं तळ्याजवळच्या क्लबचं. शनिवारी सामान आणायचं, आमच्या गॅरेजमध्ये उतरवायचं आणि तीन वाटे करायचे.

कुठला क्लब सरस, हे काकांनी शास्त्रीय पद्धतीने ठरवलं होतं. एकाच दिवशी दोन्हीकडे जाऊन प्रत्येक काउंटरवरचं फुकटचं सॅम्पल खाल्लं आणि संध्याकाळी निकाल जाहीर केला.

"हायवेचाच चांगला. तिथे दुसऱ्यांदा मागितलं तरी बाई हसून देते."

तांदूळ, तेल, डाळ यांचा त्या अभ्यासात उल्लेखही नव्हता.

*

कार्डवाल्याबरोबर पाहुणा म्हणून कोणालाही आत जाता येतं, नातं सांगावं लागत नाही. तरी दारातल्या माणसाने कार्ड बघितलं की काका माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "माय डॉटर."

तो माणूस म्हणायचा, ओके सर. त्याला काय पडलंय? काकू मागून हसायच्या, "अहो, त्याने विचारलं तरी का?"

मला ते फार आवडायचं. आमचा गट झाला त्याच वर्षी माझे बाबा नागपूरला वारले होते. हे मी काकांना कधी बोलून दाखवलं नाही.

*

मंदारचा किस्सा तर मी कितीतरी जणांना सांगितलाय. त्याने तळ्याजवळच्या क्लबचं वरच्या दर्जाचं, एक्झिक्युटिव्ह कार्ड घेतलं. त्या कार्डवाल्यांना सकाळी इतरांच्या तासभर आधी आत सोडतात. एका शनिवारी मी त्याच्याबरोबर गेले. काउंटरवर आमच्यापुढे एक मेक्सिकन आजोबा होते, मागे कोणी सर्जन. मंदारला एकदम भरून आलं.

"यार, मला अमेरिकेचं हेच आवडतं. सगळ्यांना एकच लाइन. इथे कोणाला रिझर्व्हेशन नाही."

काचेच्या दाराबाहेर साध्या कार्डवाले लोक रिकाम्या कार्ट धरून उन्हात उभे होते. मी "हो ना" म्हटलं आणि केळी पट्ट्यावर ठेवली.

*

काकूंचा चातुर्मास कडक. लसूण वर्ज्य. आणि तळ्याजवळच्या क्लबमध्ये सोललेल्या लसणाची भली मोठी पिशवी मिळते, ती आम्ही दर महिन्याला तिघांत वाटून घ्यायचो. पहिल्या चातुर्मासात मी भाबडेपणाने दोनच वाटे केले. काकू बारीक चेहरा करून उभ्या.

"माझा वाटा ठेव हं. फ्रीजरमध्ये टाकते. तुझ्या काकांना लागतो."

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो तर गार्लिक ब्रेड. काकूंनी दोन तुकडे घेतले. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाल्या, "बेक केलेल्याला चालतं." आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा मला वाटायचं, जे स्वतःच्या नियमांना असं हसत वळवून घेतात, ती माणसं मनाने सैल असतात.

*

मग आई आली. बाबांनंतर नागपूरच्या घरात ती एकटीच होती आणि मी एकुलती एक. शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई, गप्प बसायची सवय नाही. आणि आमच्या सबडिव्हिजनमध्ये फुटपाथ छान आहेत, माणूस मात्र औषधालाही दिसत नाही. आमची वंदनेला जमणारी मंडळी पार ह्यूस्टनच्या दुसऱ्या टोकाला, महिन्यातून एकदा भेटणार. मला तिला इथेच ठेवायचं होतं. ग्रीन कार्डचा विषय काढला की ती म्हणायची, "बघू बाप्पा. दिवसभर भिंतीशी बोलून राहिली मी."

पण शनिवार आला की कडक इस्त्रीची साडी नेसून सकाळपासून तयार. तांदूळ भरणार तीच, बदाम वाटणार तीच, झिपलॉकवर नावं लिहिणार तीच. क्लबमधून कोथिंबिरीच्या जुड्याच्या जुड्या यायच्या. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आई त्याची सांबारवडी करायची आणि वाटणी संपली की गॅरेजमध्येच सगळ्यांना द्यायची. काकू उभ्याने चार खायच्या आणि डबा भरून घरी न्यायच्या. दोघी दर शनिवारी सुनांबद्दल बोलायच्या. आईला सून नाही, पण तिने तो विषय कधी कमी पडू दिला नाही.

जूनमध्ये आई आपणहून म्हणाली, "ते ग्रीन कार्डाचं काय करावं लागते? विचारून ठेव." त्या रात्री मी आणि माझा नवरा आइस्क्रीम खायला बाहेर पडलो, इतका आनंद झाला होता.

*

जुलैत इथलं ऊन म्हणजे गॅरेज नव्हे, भट्टी. एका शनिवारी काकूंना गरगरलं. आई म्हणाली, आत चला, एसीत बसून वाटू. इतकी वर्षं सगळं गॅरेजमध्येच चालायचं, आमच्या लिव्हिंग रूममध्ये त्या दिवशी सगळे पहिल्यांदा आले.

आम्ही नागपूरचे बौद्ध. हे आम्ही लपवलं नव्हतं. पण सासरचं आडनाव पाटील, आणि पाटील म्हटलं की समोरचा पुढचं विचारत नाही, स्वतःच ठरवून टाकतो.

कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीपाशी केतकी थांबली. बुद्ध इथे सगळ्यांकडेच असतो. काकूंकडे पावडर रूममध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या टॉयलेटमध्ये आहे, हँडसोपच्या शेजारी.

"किती पीसफुल आहे गं! कुठून घेतलास? आम्हाला पण असाच—"

तेवढ्यात तिला वरच्या भिंतीवरचा फोटो दिसला. निळा कोट, जाड काड्यांचा चष्मा. कोणाचा, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. केतकीचं वाक्य तिथेच राहिलं. काकूंनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. काका एकदम म्हणाले, "बरं का, उशीर झाला." अकराही वाजले नव्हते.

जाताना आईने काकूंच्या हातात वड्यांचा डबा दिला. काकूंनी तो घेतला. त्या थँक्यूसुद्धा म्हणाल्या.

*

मंगळवारी मी ऑफिसला निघाले तर डबा आमच्या पायरीवर. आत वड्या तशाच, मोजून ठेवल्यासारख्या ओळीत. वर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी, "ह्यांची शुगर वाढलीय."

आई अंघोळीला गेली होती. मी गाडीत बसले, एसी लावला आणि एका बैठकीत सगळ्या वड्या खाल्ल्या. मला राग आला होता, आणि आईला हे कळलं तर काय, याची त्याहून जास्त भीती वाटत होती. रिकामा डबा घासून ओट्यावर ठेवला. संध्याकाळी आईने विचारलं, "आवडल्या का त्यांना?" म्हटलं, संपवल्या गं.

*

त्यानंतर आमच्या गटात दोन्ही क्लबांची जेवढी खोलात तुलना झाली तेवढी आधीच्या सगळ्या वर्षांत झाली नव्हती. केतकीचा मेसेज आला, हायवेच्या तांदळाला कुबट वास येतो, आम्ही आता फक्त तळ्याजवळूनच घेणार, सो वी विल मॅनेज. काकूंचा फोन आला, तळ्याजवळच्या वस्तूंत प्रिझर्व्हेटिव्ह फार, आणि आम्ही दोघंच, आम्हाला आता लहान पाकिटंच बरी पडतात. एकीला हायवे नको, दुसरीला तळं नको. मतभेद एवढे टोकाचे की यांची आता एकमेकींशीही तोंडं बंद झाली असतील असं कोणालाही वाटावं.

आम्ही स्वतःची मेंबरशिप घेतली आणि पुढच्या शनिवारी मी हायवेच्या क्लबला गेले. दारात पुढे काका उभे होते. शेजारी केतकी, मागे काकू आणि भली मोठी कार्ट. दारातल्या माणसाने कार्ड बघितलं. काकांनी केतकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"माय डॉटर."

मी कार्ट वळवली आणि गाडीत जाऊन बसले. त्या दिवशी आम्ही पिझ्झा मागवला.

*

आईला मी सांगितलं की सगळे वेगवेगळ्या क्लबला जायला लागलेत, म्हणून वाटणी बंद. तिने "असं काय?" एवढंच म्हटलं. पुढच्या शनिवारी ती इस्त्रीची साडी नेसून बसली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. मी रोज नवं काही सांगायचे. काका ट्रॅव्हल करतायत, केतकीला डेडलाइन आहे, क्लबच्या फ्रीजरचं काम चाललंय. गणिताच्या बाईला मी असलं हिशेब न जुळणारं सांगत होते आणि ती ऐकून घेत होती. तिसऱ्या शनिवारी ती गाउनमध्येच बाहेर आली.

सप्टेंबरमध्ये म्हणाली, "माझं तिकीट काढून दे. इथलं ऊन सोसत नाही मला." नागपूरची बाई, मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालणारी, मला ऊन सोसत नाही म्हणून सांगत होती! मी रडले, भांडले, ग्रीन कार्डाचे कागद तिच्यासमोर ठेवले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि तिकीट काढ म्हणत राहिली. शेवटी काढलं. ती नागपूरला आहे, एकटीच. मी रोज फोन करते.

तिकीट काढताना मला वाटत होतं, तिला एकटेपणा सहन झाला नाही. बाकीचं तिला कळलेलं नाही, निदान एवढं तरी मी सांभाळलं.

*

आता हा शेवटचा.

आईच्या जाण्याआधीच्या रविवारी आम्ही हायवेच्या क्लबला गेलो. भारतात जाताना सगळे नेतात तेच घ्यायचं होतं, बदाम, चॉकलेटं, मल्टीव्हिटॅमिनच्या बाटल्या. फ्रोझन सेक्शनच्या तोंडाशी सॅम्पलचं काउंटर होतं. डोक्याला जाळी, हातात ग्लोव्हज घातलेली एक हसतमुख बाई मायक्रोवेव्हमधून लहान लहान समोसे काढून कागदी कपांत ठेवत होती. आणि काउंटरला टेकून दामले काकू उभ्या होत्या. एक रिकामा कप हातात, दुसरा समोसा तोंडात.

मी आईचा दंड धरला. पण ती सरळ पुढे गेली, जणू शनिवारच आहे.

"काय दामलेताई, बऱ्या आहात ना? मी बुधवारी निघाले."

काकूंनी घास गिळला. हो का, अरे वा, बरं झालं, असं काहीतरी बोलल्या. आईने ट्रेमधून एक कप उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. गरम आहे."

काकूंचा हात थोडा वर आला आणि थांबला.

"नको. माझा आज उपवास आहे."

त्यांच्या ओठाला चटणी लागलेली होती. मला ओरडावंसं वाटत होतं. आईच्या चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. तिने तो कप परत ट्रेमध्ये, होता त्याच जागी ठेवला, ग्लोव्हजवाल्या बाईकडे बोट दाखवलं आणि अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाली,

"आता घ्या. आता तिच्या हातचा झाला."

काउंटरवरच्या बाईला काय कळणार! तिला वाटलं, कोणी घ्यायचा यावरून दोघी एकमेकींना आग्रह करतायत. तिने हसून तोच कप उचलला आणि काकूंपुढे धरला.

"फॉर यू, मॅम?"

काकूंनी घेतला.