शेवटची वीस पानं

तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हा मी पालघरहून रोज बोईसरला कारकुनी करायला जात असे. संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघताना फलाटावर साताऱ्याकडचा एक फिटर दिसे. त्याला कुठंच जायचं नसे. खोलीवर एकटं बसण्यापेक्षा तो बाकावर रहस्यकथा वाचत बसे. आधीच्या कुणा वाचकानं पेन्सिलीनं संशयितांच्या नावांवर खुणा केलेल्या दिसल्या, की शिव्या देत त्या खोडरबरानं पुसे आणि मगच पुढं वाची.

एका शनिवारी मी त्याच्या हातातलं पुस्तक ओळखलं आणि मला विद्वत्तेची खुमखुमी आली. "हे होय! खून डॉक्टरानं केलाय."

त्यानं पुस्तक सावकाश मिटलं. "शेवटची वीस पानं उद्यासाठी राखली व्हती, सायेब. आता रविवार कसा काढू?"

मी ओशाळलो. "उद्या आमच्याकडे जेवायला या."

"नगं. पुढल्या पुस्तकाचाबी खुनी सांगून टाकाल," तो हसला.

तरीही रविवारी मी एक ताट जास्त मांडायला लावलं. दोन वाजता बायकोनं विचारलं, "अहो, त्यांना आपलं घर ठाऊक आहे ना?"

त्यानं विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.