दार न लावणारे शेगडीकाका

शेगडीकाकांच्या घरात दार लावायला बंदी होती. कॅनडात, ओटावाजवळच्या कनाटाच्या बरंच पलीकडे, शेतांच्या मधोमध त्यांचं जुनं दुमजली लाकडी घर होतं. मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेलो त्या दिवशी सवयीने खोलीचं दार लोटलं. लगेच खालून आवाज आला, "लेका, दार! ऊब काय चोर आहे, फटीतून शिरायला?" बाथरूमला तेवढी सूट होती. "पण आत गाणी म्हणत बसायचं नाही," असं त्यांनी बजावलं.

काका मूळ नागपूरचे. सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून आले आणि आता निवृत्त होते. तिथल्या मराठी मंडळातली माणसं त्यांना शेगडीकाका म्हणत, कारण अख्खं घर ते एका शेगडीवर तापवत. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटभर गोळ्या, म्हणजे पेलेट, तिच्या टाकीत ओतायच्या. मग दिवसभर एकेक गोळी आतल्या ज्वाळेत पडत राही. टक, टक. त्या घरात दुसरा आवाज फारसा नसायचा. पहिल्या आठवड्यात मला वाटे, कोणीतरी नखाने काच वाजवतंय.

मी दिग्रसचा, घरातला पहिला पदवीधर, आणि तो माझा कॅनडातला पहिला हिवाळा. ऑफिसात मला बोलायची भीती वाटे. काका रोज संध्याकाळी मला शेगडीसमोर उभं करून दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बोलायचं ते इंग्रजीत म्हणायला लावत. चुकलो की म्हणत, "बाप्पा, घाई कशाला? ही शेगडी कुठं चाललीय?" माझी नोकरी टिकली ती त्या सरावामुळे, असं मी आजही मानतो.

ऊब घरभर नेण्याची त्यांची एक युक्ती होती. पंखा ते शेगडीमागे लावत नसत. समोर, जमिनीवर, शेगडीकडे तोंड करून ठेवत. "गरम हवेला ढकलू नये. थंड हवेला बोलवावं. ती आली की गरम आपोआप तिच्या जागी जाते." हवा बरोबर फिरतेय का हे बघायला त्यांनी प्रत्येक चौकटीत दोन कापसाची वस्त्रं टांगली होती, देवाला वाहतो ती. एक वर, एक खाली. वरचं खोलीत झुके, खालचं बाहेर. ती वस्त्रं काकूंनी केलेली होती. काकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्यांनी करून ठेवलेल्या वस्त्रांचा डबा अजून संपला नव्हता.

वरच्या मजल्याच्या टोकाची, उत्तरेकडची खोली काकूंची. शेवटचे महिने त्या तिथेच होत्या आणि त्यांचे पाय सतत गार पडत. "ही पंख्याची युक्ती मला ती गेल्यावर सुचली," एवढंच काका एकदा म्हणाले. आता ती खोली घरात सगळ्यात उबदार होती. तिथल्या चौकटीतली वस्त्रं मात्र वेगळी वागत. कधी दोन्ही एकदम सरळ लोंबत, मग दोन्ही आतल्या बाजूला झुकत आणि पुन्हा सरळ होत, वाटेतून कोणी गेल्यासारखी. मी काकांना कारण विचारलं. ते हसले. "तिकडची हवा उशिरा येते. तिला कधी वेळेवर निघायची सवय होती?"

त्यांची मुलगी सुजाताताई व्हिटबीला, गाडीने चार तासांवर असत. दर रविवारी स्पीकरवर तेच बोलणं.

"बाबा, त्या पेलेटच्या गोण्या उचलणं बंद करा. धिस इज नॉट सेफ. इकडे या."

"मग वरची खोली कोण तापवेल?"

"देअर इज नोबडी इन दॅट रूम, बाबा!"

काका विचारत, "तुमच्याकडे स्नो किती पडला?"

जानेवारीत काका मंडळाच्या संक्रांतीला ओटावाला गेले आणि बर्फामुळे दोन दिवस मित्राकडेच अडकले. शेगडी माझ्यावर होती. पहिल्याच दुपारी, स्वच्छ उन्हात, मी वर गेलो तेव्हा टोकाच्या चौकटीतली दोन्ही वस्त्रं आडवी झाली होती. आडवी, आणि माझ्याकडे रोखलेली. बाकीच्या चौकटींत नेहमीसारखी झुळूक होती. भीतीने मी धावत जाऊन ते दार लोटलं.

दार निम्मं गेलं आणि थांबलं. बिजागरी अडली नव्हती. पलीकडून कोणी तळवा टेकवावा तसा मऊ, न हटणारा विरोध होता. मी खांदा लावला. मग तो एकदम सुटला, कंटाळून हात काढून घ्यावा तसा. दार लागलं. ते पुन्हा उघडायचं धैर्य मला दोन दिवस झालं नाही.

बाहेर उणे तीस होतं. त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीतून पाण्याचा पाइप जात होता. ऊब बंद झाल्यावर तो गोठला आणि तिसऱ्या सकाळी फुटला. काका परतले तेव्हा खालच्या स्वयंपाकघराचं छत खाली आलं होतं. संध्याकाळपर्यंत सुजाताताई गाडी घेऊन हजर झाल्या. "हू क्लोज्ड दॅट डोअर?" त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं. मी तोंड उघडणार तोच काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मी लावलं. जाताना. विसरलो."

जो माणूस वर्षानुवर्षं दार लावत नव्हता, तोच विसरला! बाबांना आता एकटं ठेवता येणार नाही, याला ताईंना याहून मोठा पुरावा नको होता. त्या रडू लागल्या. चार दिवसांत त्यांचं सामान बांधलं गेलं आणि मलाही कनाटात एक खोली मिळाली. मला खरं सांगायचं होतं, पण काका मला ताईंसोबत एकटं सोडतच नव्हते. "तुझी नोकरी नवी आहे. तुला घर हवं. ती तुला आजच बाहेर काढेल," असं ते एकदा पुटपुटले.

जायच्या सकाळी ताई गाडीवरचा बर्फ काढत होत्या. काकांनी मला शेगडीजवळ बोलावलं. कोट अंगात, टोपी हातात.

"लेका, एक विचारतो. खरं सांग. दार लावताना काही जाणवलं का तुला?"

"काय, काका?"

"म्हणजे... कोणी अडवलं का?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळले होते. हो म्हणालो असतो तर त्यांनी तो कोट तिथेच उतरवला असता, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या फुटक्या घरात एकट्याने पुढचा हिवाळा काढला असता.

"नाही, काका. साधं लागलं."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. "मग ठीक आहे. मग माझं इथं काही नाही." वाकून त्यांनी शेगडी बंद केली. शेवटची गोळी पडली, तिची राख झाली, आणि ते मागे न बघता बाहेर गेले.

व्हिटबीला ते सव्वा वर्ष जगले. रविवारी फोन करत, माझ्या मीटिंगबद्दल विचारत, पण घराचं नाव काढत नसत. ताई सांगत की बाबा आता बरे आहेत, शांत आहेत. असतीलही. पण त्या सकाळी त्या घरातून एकट्या माणसाला सोडवलं, की दोघांची ताटातूट केली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.