मुखरूभाऊंची नखाएवढी पानं

आमच्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुखरूभाऊ मेश्राम अठ्ठावीस वर्षं परिचर होते. शिक्षण सातवी. प्रात्यक्षिक परीक्षेला शेवाळ लागो की नेचा, आदल्या दिवशी तो टेबलावर हजर. तोवर नमुन्याची एकही बशी रिकामी राहिली नव्हती, हा त्यांचा मान. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. शेवटची परीक्षा गुरुवारी होती.

मी कॉलेजचा हेडक्लार्क; मंगळवारी ते कार्यालयात माझ्या टेबलापुढे उभे राहिले.

"बडेबाबू, टाकीमागची भिंत कोनं खरडली?"

"मीच सांगितलं. कॉलेज तपासायला समिती येते आहे. हिरवी, ओली भिंत बरी दिसते का?"

"झालं! माह्या लेकरायचं लगन होतं तिथं."

मी बी.कॉम. झालेला. वनस्पतींशी माझा संबंध भाजीपुरता. मग त्यांनी समजावलं. नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके असतात, त्यांतून पूड झडते. ती ओल्या विटेवर पडली की लगेच नेचा येत नाही. आधी नखाएवढं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं हिरवं पान येतं. परीक्षेला तेच हवं होतं.

"त्याच्यावरच नवरा, त्याच्यावरच नवरी. पानी पडलं का नवरा पोहत जाते, मंग खरा नेचा निघते. पान्यातून जमिनीवर येऊन करोडो सालं झाली, पन लगनाले अजून पानीच मांगते."

"मग नवी पेरा."

"दीड महिना लागते. ते का तुमची फाईल हाय, अर्जंट लिवलं का निघाली?"

चूक माझी होती. बुधवारी रजा टाकून मी त्यांना स्कूटरवर घेतलं. आरमोरी रस्त्यावरचे नाले, जुन्या विहिरी, देवळामागची गटारं पाहिली. नेचे भरपूर होते, पण ती पानं कुठेच दिसेनात. संध्याकाळ झाली. चहा तरी घ्या म्हणून मी त्यांना घरी आणलं. हात धुवायला ते न्हाणीकडे गेले आणि तिथून ओरडले, "बडेबाबू! तुम्ही हे घासत काऊन नाई?"

मी ओशाळलो. मी दर रविवारी न्हाणी घासतो. दोन महिने गुडघा दुखत होता म्हणून राहिली होती.

"घासू नका म्हनतो! इकडं पाहा."

न्हाणीच्या कडेच्या विटांवर हिरवी बदामं दाटली होती. विटा त्याच भिंतीच्या होत्या. गेल्या वर्षी तिचा कोपरा पडला, तेव्हा प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन मीच त्या आणल्या होत्या. मुखरूभाऊ ओल्या फरशीवर मांडी घालून बसले आणि पोटभर हसले.

गुरुवारी बशी भरलेली होती. आदल्या संध्याकाळी विटा काढून नेताना त्यांनी एक मात्र माझ्याकडेच ठेवली होती. "हे घासाची नाई."

मी ती वगळून घासतो. काल एका बदामातून बारीकसं, गुंडाळलेलं पान वर आलेलं दिसलं. लगेच फोन केला.

"मुखरूभाऊ, लगन लागलं!"

"मंग जेवन कवा देता, बडेबाबू?"