माहेरचं नाव

बाहत्तर साली लग्न होऊन मी सावेडीत आले. तिथे माझ्या माहेरची, बेलापूरची कासारीण यायची. बांगडी फुटली तरी ती "वाढवली" म्हणायची. वाईट शब्द तिच्या तोंडी नसे. तरी मला तिची धास्ती वाटे. तीन मुलींच्या पाठीवर झाले म्हणून माझं नाव नकुशी ठेवलं होतं. सासरी तबकातल्या तांदळांत नवं नाव लिहिलं, तेव्हा सुटले होते.

एकदा शेजारणीने तिला विचारलंच, "हिचं माहेरचं नाव काय हो?"

माझी मान खाली गेली.

"नवसाबाई. लई नवसाची हाय ही."

शेजारीण गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"हात सैल सोड, बाय," बांगडी चढवत ती पुटपुटली. "माझं नाव कुनी इचारलं, तर मीबी ह्येच सांगती."