मंग्याचं लगन आन आमचं खारं पानी

घरातलं एखादं काम अडून बसलं, का किस्से आपोआप साचतात. आमच्या घरी मंग्याचं लगन अडलं हाय. मंग्या म्हंजे माहा चुलतभाऊ. डेअरीत नोकरी, दारू नाई, तंबाखू नाई. ऐब एकच, गाव भातकुलीकडचं. जमिनीतून जे पानी निघते, ते खारं. पोरी देत नाई कोनी. काळजीनं काकूनं उपासाचे वार वाढवत वाढवत हप्त्यात पाचवर नेले.

*

मोर्शीकडं पोरगी पाहाले गेलो. संत्र्याचे बगीचे, सगळं हिरवंगार. पोरीच्या बापानं नोकरी इचारली नाई, पगार इचारला नाई.

"पानी कसं हाय तुमच्या इथं?"

मंग्यानं काकाकडं पाह्यलं. काकानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, "ओलं हाय."

परतीच्या जीपमंधी काकानं मले मांगच्या फळीवर बसवलं.

*

दुसऱ्या बगीचेवाल्याकडं मले तोंड बंद ठेवाले सांगतलं. ठेवलं. पन त्यायच्या इहिरीचं पानी एवढं गोड, का काकानं लागोपाठ सात गिलास रिचवले! आठवा मांगतला तं पोरीच्या मायनं हळूच इचारलं, "भाऊ, शुगर किती राह्यते तुमची?"

खानदानात बिमारी हाय म्हनून नकार!

*

मंग चिखलदऱ्याकडचं स्थळ आलं. जंगलच जंगल. चुलीत सागवानाच्या ढलप्या जळून राहिल्या होत्या. आमच्याकडं झाडंच नाई, आमी कपाशीची पऱ्हाटी जाळतो. काकू चूल पाहूनच उठली. बाहेर येऊन म्हने, "हे पोरगी आली तं बापा, आपलं सागवानाचं दार जाळीन!"

त्या टायमाले नकार आमचा होता.

*

अकोल्याचे पावने झडीत आले. आमची काळी माती ओली झाली का माणसाले सोडत नाई. गाडी फसली, पायी निघाले. घरी पोचले तवा सगळे अनवाणी, पायाले किलो-किलो चिखल. काका म्हने, "बसा न!" पोरीचा मामा म्हने, "जोडे सापडले का निघतोच."

जोडे दिवाळीत सापडले.

*

परवा वरूडचे आले. काकू म्हने, "हे स्थळ गेलं तं मंग्या असाच राह्यते रे!" तिनं आरओच्या पान्याचे चार कॅन आनले. प्याले तेच, तुरीची दाळ शिजवाले तेच. खाऱ्या पान्यात कधी न शिजनारी दाळ अशी लोण्यावानी शिजली, का काकूच्या डोळ्यात पानी आलं.

पावने जेवाले बसले. पोरीच्या बापानं पहिला घास घेतला आन थांबला. दुसरा घेतला. पुन्हा थांबला. बाकीच्यायनं वरनाकडं पाह्यलं, मंग मंग्याकडं.

मी पटकन चाखून पाह्यलं. अळनी! तीस वर्स खाऱ्या पान्यात रांधून काकूची मीठ टाकाची सवयच गेलती, आन उपास म्हनून तिनं चाखलं बी नोतं!

तिच्या कानात सांगतलं. ती चुलीकडं पळाली. मिठाचा डबा कुठी हाय, तेच तिले आठवेना.

तेवढ्यात पोरीचा बाप ताटावरून उठला. संपलं! काकानं डोळे मिटले.

तो आंगनात गेला. हातपंप हापसला, चूळ भरली, थबकला. ओंजळ पुन्हा तोंडाले लावली. मंग तांब्या भरून घेतला, आत येऊन बसला, आन आपल्या सगळ्या मानसायच्या वरनात त्यातलं थोडं थोडं पानी टाकलं. कालवलं. घास घेतला.

"आता बरोबर," तो म्हने. "तारीख काढा."