नव्या भट्टीची सवलत

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळले जात आणि ओहायो नदीकाठचं ब्रँड्ट्स फेरी गाव तिथे जमत असे. त्या शुक्रवारी रूडी हुडाक खास वॉशिंग्टनहून गाडी हाकत आला होता. चिनीमातीच्या कारखान्याचे मालक एल्सवर्थ जेवणानंतर काहीतरी जाहीर करणार होते. रूडीची आई वेरोना लग्नाआधीपासून त्या कारखान्यात कपांना कान चिकटवत होती.

"या, सरकार आलं!" वाढणाऱ्या स्टेव्हकोने त्याच्या ताटलीत जादा तुकडा टाकला. "कर बुडवणाऱ्यांना मोठा मासा."

"बुडवत नाही काका, कमी करतो."

"तेच ते. मीठ घे."

रूडी मनापासून हसला. गावातून शिष्यवृत्तीवर शिकायला गेलेला तो पहिला मुलगा. पुढे त्याने एका लहानशा कॉलेजात पेंगणाऱ्या मुलांना अर्थशास्त्र शिकवलं. माल बनवणाऱ्याच्या डोक्यावरचा कर हलका करा, तो यंत्रं घेईल, माणसं लावेल, मग सगळ्यांचंच भलं होईल, हे तो तळमळून सांगत असे. त्यावरचा त्याचा एक लेख सेनेटर व्हिटकम यांच्या वाचनात आला आणि त्यांनी त्याला सल्लागार म्हणून बोलावून घेतलं. गेल्या वर्षीच्या करकपातीच्या कायद्यात रूडीने लिहिलेलं एक कलम होतं. कारखानदाराने नवं यंत्र घेतलं, तर त्याला करात घसघशीत सवलत. दुरुस्तीलाही ती द्यावी, असं कचेरीतली त्याची सहकारी गेल म्हणाली होती. रूडीने ते उडवून लावलं होतं. ठिगळं लावून कुठे वाढ होते?

एल्सवर्थ उभे राहिले. "मंडळी, नव्या कायद्यामुळे आपली कंपनी नवी भट्टी घेते आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वेरोनाने लेकाचं मनगट घट्ट दाबलं. कुणीतरी शिट्टी मारली.

"भट्टी दूर दक्षिणेत, कॅरोलायनात बसेल," एल्सवर्थ पुढे म्हणाले. "इथली जुनी भट्टी दुरुस्त करायची, तर सगळा खर्च खिशातून. नवी घेतली, तर सवलत. आणि नवी इथल्या छपराखाली मावत नाही. उन्हाळ्यात इथलं काम बंद होईल. मला वाईट वाटतं. पण कायदा चांगला आहे, रूडी. तुझे आभारच मानायला हवेत."

ते उपहासाने बोलत नव्हते, हेच भयंकर होतं. सगळ्या माना रूडीकडे वळल्या. कढईत तेल तडतडत होतं, मासे करपत होते आणि स्टेव्हको झारा हातात धरून नुसता उभा होता.

"आपण टाळ्या वाजवल्या ना रे?" मागून कुणीतरी विचारलं.

देशात किती नव्या भट्ट्या येतील, याचा अंदाज रूडीने बांधला होता आणि तो बरोबरही ठरत होता. ती भट्टी कुठे बसेल, हा प्रश्न त्याने एकदाही विचारला नव्हता. कचेरीत कुणीच विचारला नव्हता.

बाहेर गाडीपाशी वेरोना म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"नाही गं, आई. शप्पथ."

"माहीत असून केलं असतंस, तर निदान भांडले तरी असते." तिने कोटाची बटणं लावायला घेतली. मग तिने कोट तसाच उघडा सोडला.

सोमवारी वॉशिंग्टनच्या कचेरीत व्हिटकम खुशीत होते. "पहिली भट्टी! उद्घाटनाला जातोय मी. माझं भाषण लिहा."

"सर, कलमात दुरुस्तीही घालायला हवी. आमच्या गावचा कारखाना बंद होतोय."

"एकूण उत्पादन वाढतंय की घटतंय?"

"वाढतंय."

"आणि कॅरोलायनातली माणसं माणसं नाहीत?"

समोर बसून कुणीतरी त्याचाच लेख त्याला वाचून दाखवावा, तसं रूडीला झालं.

"लिहितो," तो कसाबसा म्हणाला. "पण बंद होणाऱ्या कारखान्याचं नावही त्यात येईल."

"मग राहू द्या. दुसऱ्याकडून लिहून घेईन."

रूडीने तिथल्या तिथे राजीनामा दिला. जिना उतरताना शुक्रवारनंतर पहिल्यांदाच त्याला मोकळं वाटत होतं. खालच्या मजल्यावरूनच त्याने घरी फोन लावला. आईला बरं वाटेल, या आशेने त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं.



"सोडलीस?" वेरोनाचा आवाज चिरकला. "अरे, त्या खोलीत आमचा एवढा एकच माणूस होता! आता ते कलम बदला म्हणून कोण मागे लागणार? मी जाऊ?"

रूडीने जिन्याकडे पाहिलं. हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

"परत वर जा," आई म्हणाली. "माफी माग, पाया पड, काय हवं ते कर. जा ना रे!"

तो गेला. दार उघडंच होतं. त्याच्या खुर्चीत एक तरुण गृहस्थ बसून भाषणाची पहिली ओळ लिहीत होते.